कर्नलमध्ये मुळातच काय चालू ठेवायचं, हे ठरवायचं कसं

कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि बाकीचे प्रोग्राम यांच्यामधला ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि त्यात काय असावं हे ठरवणारी यादी म्हणजे त्याचं कॉन्फिग. लिनक्स कर्नलचं कॉन्फिग उघडलं की पंधरा हजारांहून जास्त पर्याय समोर येतात, आणि बहुतेकांना कुणीतरी आधीच उत्तर देऊन ठेवलेलं असतं: वाय, एम किंवा एन. वाय म्हणजे कर्नलमध्येच बांधलेलं, एम म्हणजे मॉड्यूल (लागेल तेव्हा जोडायचा वेगळा तुकडा) करून बाजूला ठेवलेलं, एन म्हणजे नाहीच. हे आधीचं उत्तर म्हणजे डिफॉल्ट. मी पुण्यात कारखान्यांसाठीच्या छोट्या गेटवे संगणकांचं कर्नल सांभाळते. आर्म प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, ८ जीबी ईएमएमसी (बोर्डवरचीच साठवण), मशिनशी बोलायला दोन कॅन पोर्ट आणि एक आरएस-४८५, शिवाय यूएसबी. ही पेटी चाकणला किंवा भोसरीला एखाद्या मशिनच्या पॅनेलमध्ये बसली की पुढे कित्येक वर्षं तिचं झाकण कुणी काढत नाही. मेन्यूकॉन्फिग, म्हणजे हे पर्याय बदलायचा मेन्यू, उघडून बघणारा माणूस तिथे येतच नाही. त्यामुळे मी एक गोष्ट घट्ट धरून चालते: डिफॉल्ट हा आपण अशा माणसाच्या वतीने घेतलेला निर्णय असतो, ज्याला तो घेतला गेल्याचं कधी कळणारही नाही. त्याचं नुकसान होऊ नये ही जबाबदारी सगळी आपली.

खाली सांगितलेली पद्धत लिनक्सवरची आहे. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलामुलींना मी ती याच क्रमाने शिकवते.

सुरुवात कुठून करायची

मेक ऑलनोकॉन्फिग चालवून सगळं शून्यावर आणायचं आणि मग लागेल तसं वाढवत जायचं, हा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो. तसं करू नका. कर्नल बांधलं जातं, पण ते बूट होईपर्यंत लागणाऱ्या गोष्टी एकेक करून शोधण्यात आठवडे जातात. त्याहून वाईट म्हणजे ज्यांची गरज बूट होताना दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसते, अशा गोष्टी बाहेरच राहतात. दुसरं टोक म्हणजे एखाद्या मोठ्या डिस्ट्रोचं (उबुंटू, फेडोरासारख्या तयार लिनक्सचं) कॉन्फिग जसंच्या तसं उचलायचं. ते कुठल्याही लॅपटॉपवर, कुठल्याही सर्व्हरवर चाललं पाहिजे म्हणून तयार झालेलं असतं. त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे, पण आमच्या पेटीला इन्फिनीबँड (मोठ्या सर्व्हरांमधलं वेगवान नेटवर्क) कधीच लागणार नाही.

मी आर्किटेक्चरच्या (प्रोसेसरच्या जातीच्या) डेफकॉन्फिगपासून, म्हणजे कर्नलसोबतच येणाऱ्या तयार कॉन्फिगपासून, निघते. ६४ बिट आर्मला ते एकच आहे, ३२ बिटला बहुतेकदा मल्टी-व्ही७ घ्यावं. त्यात इतर कंपन्यांच्या चिपचं सामान भरपूर असतं, पण ते काढणं सोपं आहे: आपल्या चिपचा पर्याय ठेवून बाकीचे प्लॅटफॉर्म बंद केले की त्यांच्यावर अवलंबून असलेले ड्रायव्हर आपोआप गळतात. डेस्कटॉप किंवा सर्व्हरसाठी काम करत असाल तर मेक लोकलमॉडकॉन्फिग वापरा. ते चालू मशिनवर त्या क्षणी लोड झालेली मॉड्यूलं बघतं आणि बाकीची बंद करतं. यातलं ‘त्या क्षणी’ विसरू नका. पेनड्राइव्ह, प्रिंटर, सिरियल केबल, व्हीपीएन, जे जे वर्षभरात लागतं ते सगळं एकदा जोडून, वापरून घ्या आणि मगच ही कमांड चालवा.

दोन प्रश्न

यानंतर प्रत्येक शंकास्पद पर्यायापाशी मी दोन प्रश्न विचारते. पहिला: हे बंद राहिलं तर त्रास कुणाला, आणि चालू राहिलं तर कुणाला? दुसरा: निर्णय चुकला तर कर्नल पुन्हा न बांधता तो बदलता येईल का? म्हणजे बूटच्या कमांड लाइनवरून, सिसकंट्रोलमधून (चालू कर्नलच्या सेटिंग्जमधून), माउंट करताना (डिस्क सिस्टिमला जोडताना) किंवा मॉड्यूल लोड करताना.

एक उदाहरण बारकाईने बघू, कारण ते आपल्या भाषेशी जोडलेलं आहे. कारखान्यातला सुपरवायझर पेनड्राइव्हवर एक फाइल आणतो, नाव ‘रात्रपाळी’. विंडोजवर ती नीट दिसते. आमच्या पेटीत पेनड्राइव्ह लावला की नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात, आणि त्या नावाने फाइल उघडायला गेलं तर ती सापडतच नाही. पेनड्राइव्ह शाबूत असतो. पेनड्राइव्हवर सहसा असणाऱ्या फॅट या फाइलसिस्टिमवर (फाइली साठवायच्या रचनेत) लांब नावं युनिकोडमध्येच लिहिलेली असतात, त्यामुळे देवनागरी अक्षरं तिथे व्यवस्थित आहेत. गडबड होते ती कर्नल ती नावं प्रोग्रामच्या हातात देताना. तिथला डिफॉल्ट अक्षरसंच आयएसओ ८८५९-१ आहे, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांचा. त्यात देवनागरीला जागाच नाही.

मेन्यूत इथे एकमेकांसारखे दिसणारे दोन पर्याय आहेत. एक, फॅटचा डिफॉल्ट आयओचारसेट, म्हणजे नावांचा अक्षरसंच. तिथे सरळ यूटीएफ८ (युनिकोड लिहायची पद्धत) टाकावंसं वाटतं, पण त्याच पर्यायाच्या मदत-मजकुरात ते करू नका असं लिहिलेलं आहे, कारण मग फाइलच्या नावातल्या इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत भेद होऊ लागतो आणि फॅटवर तो अपेक्षित नसतो. दुसरा पर्याय ‘फॅट डिफॉल्ट यूटीएफ८’ नावाचा आहे. तो चालू केला की प्रत्येक माउंटला यूटीएफ८ हा ऑप्शन दिल्यासारखं होतं, आणि आपल्याला हवा तो हाच. तो मुळात बंद असतो.

आता प्रश्न लावून बघा. बंद राहिला तर त्रास सुपरवायझरला. त्याची समजूत होणार की या पेटीला इंग्रजी नावंच लागतात, आणि तो कधी तक्रारही करणार नाही. चालू ठेवला तर कर्नलच्या आकारात फरक जवळजवळ शून्य, आणि जुन्या इंग्रजी नावांना काही होत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे, माउंट करताना हे देता येतं. एरवी असं असलं की मी कर्नलला हात लावत नाही. पण आमच्याकडे पेनड्राइव्ह तीन वाटांनी माउंट होतो: यूडेव्हच्या (उपकरण लावलं की आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामच्या) नियमाने, अपडेट स्क्रिप्टमधून, आणि सर्व्हिस इंजिनिअर हाताने करतो तेव्हा. तिन्हीकडे सगळ्यांनी आठवण ठेवण्यापेक्षा कर्नलमध्ये एकदा चालू केलेलं बरं. डेस्कटॉपवर माउंट करणारी साधनं हा ऑप्शन सहसा स्वतःच देतात, म्हणून लॅपटॉपवर हे कधी जाणवत नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक छोट्या उपकरणात हा पर्याय चालू असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

वाय की एम

रूट फाइलसिस्टिमपर्यंत (जिच्यावर बाकीची सगळी सिस्टिम असते तिच्यापर्यंत) पोचायला जे लागतं ते सगळं वाय. इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये येणारी छोटी फाइलसिस्टिम) वापरत नसाल तर यात सूट नाही. ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ म्हणून कर्नल पॅनिक झालं की लोक ईएक्सटी४ (फाइलसिस्टिम) आणि एमएमसी (ईएमएमसीचा ड्रायव्हर) तपासतात, ते चालू असतात, आणि मग डोकं चालेनासं होतं. साखळी त्याहून लांब असते. एमएमसी कंट्रोलरला क्लॉक लागतं, पॉवरसाठी रेग्युलेटर लागतो, तो रेग्युलेटर आयटूसीवरच्या (चिप एकमेकींना जोडणाऱ्या तारांवरच्या) पॉवर चिपमध्ये असतो, म्हणजे आयटूसीचा ड्रायव्हरही लागतो. यातला एक जरी एम राहिला तर एमएमसीचा प्रोब (ड्रायव्हरने उपकरण ताब्यात घेणं) पुढे ढकलला जातो आणि कर्नल अशा मॉड्यूलची वाट बघत बसतं, जे न उघडलेल्या डिस्कवरच ठेवलेलं आहे.

कधीमधी लागणारं हार्डवेअर एम. यूएसबी-सिरियल केबलच्या चार चिप बाजारात सर्रास मिळतात: एफटीडीआय, सीपी२१०, सीएच३४१ आणि पीएल२३०३. ग्राहक यांतली कुठली आणेल सांगता येत नाही, म्हणून चारहींचे ड्रायव्हर एम ठेवते. केबल लावेपर्यंत ते रॅममध्ये येतच नाहीत.

यावरून लगेच मनात येतं की मग सगळंच एम ठेवू, लोड झालं तरच चालेल, बिघडलं कुठे? बिघडतं, आणि ते नीट समजून घ्यायला हवं. कर्नल बरीच मॉड्यूलं मागणीनुसार आपोआप लोड करतं, आणि ती मागणी साधा यूजरसुद्धा करू शकतो. विशिष्ट प्रोटोकॉलचा सॉकेट (नेटवर्कवर बोलायचं टोक) उघडला की त्याचं मॉड्यूल आत येतं. २०१० मध्ये डॅन रोझेनबर्गने आरडीएस या प्रोटोकॉलमधला दोष दाखवला, त्यातून साध्या यूजरला रूट, म्हणजे मशिनचा पूर्ण ताबा, मिळत होतं. २०१७ च्या फेब्रुवारीत आंद्रे कोनोवालोव्हने डीसीसीपीमधला दोष उघड केला. तो २००५ पासून तिथेच होता. पुढच्याच महिन्यात अलेक्झांडर पोपोव्हने एन-एचडीएलसीमधला २००९ पासूनचा दोष दाखवला. हे तिन्ही कोड बहुतेक लोकांनी आयुष्यात कधी वापरले नव्हते. तरी डिस्ट्रोंमध्ये ते एम म्हणून बांधलेले होते, आणि तेवढ्याने लाखो मशिन उघड्या पडल्या.

म्हणून आमच्या पेटीत कॅनचे प्रोटोकॉल आहेत, कारण त्यावर आमचं पोट चालतं. टीआयपीसी, आरडीएस, एससीटीपी, एएक्स.२५, एन-एचडीएलसी या आम्हाला न लागणाऱ्या प्रोटोकॉलना एन. जनरल डिस्ट्रो बांधत असाल तर एन म्हणणं कठीण जातं, कुणीतरी टेलिकॉमवाला एससीटीपी मागतोच. तिथे मॉड्यूल बांधा, पण वेगळ्या पॅकेजात ठेवा आणि आपोआप लोड होण्यापासून मॉडप्रोबच्या (मॉड्यूल लोड करणाऱ्या कमांडच्या) कॉन्फिगमध्ये अडवा. फेडोरा क्वचित लागणारी मॉड्यूलं अशीच बाजूच्या पॅकेजात ठेवते. ज्याला हवंय त्याला एक ओळ बदलावी लागते, आणि बाकीच्यांना काहीच करावं लागत नाही.

बांधायचं, पण बंद ठेवायचं

दुसऱ्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर कर्नलमध्येच ठिकठिकाणी तयार आहे. पर्यायांच्या नावांच्या शेवटी ‘डिफॉल्ट ऑन’, ‘डिफॉल्ट ऑफ’, ‘डिफॉल्ट डिसेबल्ड’ असं दिसलं की समजायचं, कोड आतच आहे आणि आपण फक्त बूटच्या वेळची स्थिती ठरवतोय.

इनिट ऑन अलॉक हा त्यातला माझा आवडता. मेमरी देताना ती आधी शून्याने पुसून द्यायची, म्हणजे जुना डेटा गळत नाही. ५.३ मध्ये हा आला. त्याच्या मदत-मजकुरात किंमत स्पष्ट लिहिलेली आहे: बहुतेक कामांत १ टक्क्याच्या आत, काही कृत्रिम चाचण्यांत ७ टक्क्यांपर्यंत. याचा भाऊ इनिट ऑन फ्री, मेमरी परत येताना पुसणारा. त्याची किंमत ३ ते ५ टक्के. पहिला मी चालू ठेवते, दुसरा बंद. दोन्हींचा कोड कर्नलमध्ये असतो, स्टॅटिक की (बंद असलेला कोड जवळजवळ फुकटात ओलांडायची युक्ती) वापरल्यामुळे बंद असताना त्याचा भार नगण्य, आणि एखाद्या ग्राहकाला दुसराही हवा असला तर बूट लाइनवर एक शब्द वाढवला की झालं. मेमरीवरचा ताण मोजणारं पीएसआय मी असंच बांधून, डिफॉल्ट बंद ठेवते. तक्रार आली की चालू करून मोजायचं. प्रीएम्प्शनचंही (चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला वेळ देण्याचंही) तसंच. ५.१२ पासून प्रीएम्प्ट डायनॅमिक आहे, त्यामुळे एकच कर्नल सर्व्हरसारखं की डेस्कटॉपसारखं वागवायचं हे बूट करताना ठरवता येतं. खरं रिअल-टाइम (ठरलेल्या वेळेत हमखास प्रतिसाद) मात्र अजून बांधतानाच ठरवावं लागतं. तो कोड वर्षानुवर्षं पॅच म्हणून बाहेर होता आणि ६.१२ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आला.

डिफॉल्ट आणि वेग यांची ओढाताण बघायची असेल तर २०१८ च्या नोव्हेंबरातला एसटीआयबीपीचा प्रसंग बघा. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषावरचा हा उपाय ४.२० च्या तयारीत सगळ्या प्रोसेसना सरसकट लागू झाला. हायपरथ्रेडिंग (एकाच कोरवर दोन कामं एकदम) असलेल्या इंटेल मशिनवर काही कामांचा वेग पन्नास टक्क्यांपर्यंत घसरल्याची मोजमापं पुढे आली. खुद्द लिनस टॉरवल्ड्सने हा डिफॉल्ट असू नये अशी भूमिका घेतली, आणि ४.२० बाहेर पडायच्या आतच तो सशर्त झाला: जी प्रोसेस पीआरसीटीएल या विनंतीने मागेल तिला, आणि सेककॉम्प (प्रोसेसला कर्नलकडे काय मागता येईल यावरचं बंधन) वापरणाऱ्यांना. पुढे ५.१६ मध्ये सेककॉम्पवाल्यांनाही सरसकट देणं थांबलं. उपाय कर्नलमधून कुणी काढला नाही. ज्याला धोका आहे त्याने मागायचं, एवढाच बदल झाला. काही टाकायचं की ठेवायचं यावर टीममध्ये वाद अडला की मी हा मधला रस्ता आधी तपासायला सांगते.

वॉचडॉग, जरा सविस्तर

बिनमाणसाच्या जागी बसणाऱ्या पेटीसाठी मुळातल्या डिफॉल्टपेक्षा वेगळं काय लागतं, हे वॉचडॉगमध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतं.

वॉचडॉग म्हणजे असा टायमर, ज्याला वेळेवर थोपटलं, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ असं कळवलं नाही, तर तो मशिन रिसेट करतो. आमचा बूटलोडर (कर्नलच्या आधी चालणारा प्रोग्राम) वॉचडॉग चालू करूनच कर्नलला सूत्रं देतो. कर्नलमध्ये एक पर्याय आहे, ‘बूटलोडरने चालू केलेला वॉचडॉग हाताळा’. तो मुळात चालू असतो. त्याचा अर्थ असा की यूजरस्पेसमधला (कर्नलबाहेर चालणारा) प्रोग्राम वॉचडॉगचं डिव्हाइस उघडेपर्यंत कर्नल स्वतः त्याला थोपटत राहतं. डेस्कटॉपवाल्याला हे सोयीचं, कारण नाहीतर हळू बूट होणारं मशिन मध्येच रिसेट व्हायचं. पण समजा फाइलसिस्टिम खराब झाली आणि यूजरस्पेस वर आलंच नाही. कर्नल जिवंत आहे, ते थोपटतंय, वॉचडॉग समाधानी आहे, आणि पेटी मेलेली आहे. रात्री अडीच वाजता चाकणच्या शॉपफ्लोअरवर तिची पॉवर काढून लावणारं कुणी नसतं.

यावर उपाय म्हणजे ओपन टाइमआउट. मुळात तो ० असतो, म्हणजे कितीही वेळ थांबायची तयारी. आम्ही तो १२० सेकंद ठेवतो. आमचं यूजरस्पेस त्याच्या बरंच आधी वर येतं. तेवढ्या वेळात कुणी डिव्हाइस उघडलं नाही तर कर्नल थोपटणं थांबवतं, रिसेट होतो आणि बूटलोडर दुसऱ्या पार्टिशनवरची जुनी इमेज उचलतो. हा आकडा तुमच्या सगळ्यात हळू बूटच्या दुप्पट तरी धरा. अपडेटनंतरच्या पहिल्या बूटला फाइलसिस्टिम तपासणी चालते, तो बूट मोजा, रोजचा नको.

दुसरा पर्याय नोवेआउट. मुळात बंद असतो, म्हणजे प्रोग्रामने नीट निरोप घेऊन डिव्हाइस बंद केलं तर वॉचडॉगही थांबतो. आम्ही चालू ठेवतो: एकदा सुरू झाला की थांबवायचा मार्ग नाही. याची किंमत डेव्हलपर मोजतो, कारण टेबलावर डिबग करत असताना बोर्ड रिसेट होत राहतो. तो त्रास आम्ही डेव्हलपरवर टाकतो, कारखान्यावर टाकत नाही, आणि टेबलावरच्या बोर्डसाठी वेगळं कॉन्फिग ठेवतो.

याच गटातलं तिसरं, पॅनिक टाइमआउट. मुळात ०, म्हणजे पॅनिक झालं की कर्नल तिथेच कायम थांबतं. समोर बसून स्क्रीन वाचणाऱ्याला ते हवं असतं. आमच्याकडे १० सेकंदांनी रीबूट. आणि कारण हरवू नये म्हणून पीस्टोरचं रॅमऊप्स चालू, जे शेवटचा लॉग रॅमच्या राखून ठेवलेल्या तुकड्यात लिहितं आणि पुढच्या बूटला वाचू देतं. त्यासाठी डिव्हाइस ट्रीत (बोर्डवरच्या हार्डवेअरच्या वर्णनात) जागा राखावी लागते, आणि बूटलोडर ती पुसत नाही ना, हे तपासावं लागतं. पॉवर गेली तर तोही लॉग जातो.

थोडक्यात उरकायच्या गोष्टी

यूजर नेमस्पेस (प्रोग्रामला स्वतःपुरते वेगळे यूजर आणि अधिकार देणारी सोय): ब्राउझरचा सँडबॉक्स आणि रूटशिवायचे कंटेनर यांना लागतात, पण साध्या यूजरला कर्नलचा बराच संवेदनशील कोड हाताळायला देतात. २०२२ मधला सीव्हीई-२०२२-०१८५ हा दोष साध्या यूजरला याच वाटेने वापरता येत होता. डेबियनने साध्या यूजरना हे बराच काळ बंद ठेवलं आणि २०२१ च्या डेबियन ११ पासून चालू केलं. उबुंटूने २४.०४ मध्ये अॅपआर्मरकडून (प्रोग्रामवर बंधनं घालणाऱ्या सुरक्षा प्रणालीकडून) त्यावर बंधन घातलं. दोघांचेही यूजर वेगळे, दोन्ही निर्णय समजण्यासारखे. आमच्या पेटीवर ना ब्राउझर ना कंटेनर, म्हणून एन.

आयओ-युरिंग (वाचणं-लिहिणं वेगाने करायची सोय): २०२३ मध्ये गूगलने सांगितलं की त्यांच्या कर्नल-बक्षीस योजनेत आलेल्या हल्ल्यांपैकी ६० टक्के यावर बेतलेले होते, आणि क्रोमओएसमध्ये ते बंद केलं. ६.६ पासून सिसकंट्रोलनेही बंद करता येतं. वेगवान स्टोरेज असलेल्या डेटाबेस सर्व्हरवर ठेवा. आमच्याकडे एन.

डिबग: केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) ग्राहकाच्या कर्नलमध्ये नको. साधं केएसॅन मेमरीचा आठवा हिस्सा खातं. पण टेस्ट बेंचसाठी ते चालू असलेलं दुसरं कर्नल रोज बांधा. ग्राहकाच्या कर्नलमध्ये केफेन्स (मेमरीच्या चुका नमुन्यादाखल तपासणारं) चालतं, त्याचा भार फार कमी.

सिरियल कन्सोल (केबलवरून संदेश छापायची जागा): लॉगलेव्हल, म्हणजे कुठल्या पातळीपर्यंतचे संदेश छापायचे, मुळात ७ असतो. ११५२०० बॉडला सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात, म्हणजे ४० हजार अक्षरांचा बूट लॉग छापायला साडेतीन सेकंद. कमांड लाइनवर क्वाएट टाका. लॉग बफरमध्ये तसाच राहतो.

स्वतःचं फीचर आणत असाल तर

इथे भूमिका उलटी होते. तुम्ही कॉन्फिग निवडत नसता, इतरांच्या कॉन्फिगमध्ये नवी ओळ घालत असता. आपण लिहिलेला कोड सगळ्यांच्या कामाचा आहे असं प्रत्येकाला वाटतं, आणि ‘डिफॉल्ट वाय’ हात आपोआप लिहून जातो. लिहू नका. कर्नलच्या कागदपत्रांतला नियम स्पष्ट आहे: नवा पर्याय मुळात एन. एका आवृत्तीतून दुसरीत जाताना मेक ओल्डकॉन्फिगने कमीत कमी भर घालावी, हा त्यामागचा हेतू. एन लिहायचीही गरज नाही, काही लिहिलं नाही की तेच धरलं जातं.

अपवाद चारच. जो कोड आजवर नेहमी बांधला जात होता आणि आता त्याला पर्याय दिला, तो वाय. नाहीतर अपग्रेड करणाऱ्याची चालती गोष्ट गुपचूप बंद पडेल. जो पर्याय फक्त खालचे पर्याय दाखवतो-लपवतो, स्वतः कोड आणत नाही, तो वाय. जो ड्रायव्हर मुळात एन आहे, त्याच्या आतल्या वागणुकीचे पर्याय वाय चालतात. आणि नेटवर्किंग किंवा ब्लॉक लेयरसारखं, जे सगळ्यांना हवंच असतं. या शेवटच्या अपवादात तुमचं फीचर बसतंय असं वाटलं तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

एखाद्या चिपचाच ड्रायव्हर असेल तर ‘डिफॉल्ट वाय’ऐवजी त्या प्लॅटफॉर्मचं नाव डिफॉल्ट म्हणून द्या. ड्रायव्हर बहुतेकदा ‘प्लॅटफॉर्म किंवा कंपाइल टेस्ट’ (ते हार्डवेअर नसतानाही कोड बांधून बघायचा पर्याय) यावर अवलंबून असतो. डिफॉल्ट वाय असेल तर नुसती कंपाइल टेस्ट चालू करणाऱ्या माणसाच्याही गळ्यात तुमचा ड्रायव्हर पडतो. ‘सिलेक्ट’ जपून वापरा, कारण ते समोरच्या पर्यायाची अवलंबित्वं न बघताच त्याला चालू करतं आणि बिल्ड भलत्याच जागी फुटतं. सौम्य इच्छा असेल तर ‘इम्प्लाय’ आहे, त्याला यूजर नाही म्हणू शकतो. आणि मदत-मजकुरात एन म्हटलं तर काय बंद पडेल, वाय म्हटलं तर किती किंमत, हे आकड्यांसकट लिहा. इनिट ऑन अलॉकचा मजकूर नमुना म्हणून समोर ठेवा. शेवटच्या ‘खात्री नसेल तर’ या ओळीवर सगळ्यात जास्त लोक निर्णय घेतात, ती ओळ घाईत लिहू नका.

आवृत्ती बदलताना

६.६ वरून ६.१२ वर जाताना मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवलं की सगळे नवे पर्याय आपापल्या डिफॉल्टवर जाऊन बसतात, एक शब्दही न बोलता. त्याआधी मेक लिस्टन्यूकॉन्फिग चालवा, ते नवे पर्याय नावाने दाखवतं. हेल्पन्यूकॉन्फिग त्यांचा मदत-मजकूरही देतं. शेकडो ओळी असतात, पण निम्म्याहून जास्त तुमच्याकडे नसलेल्या हार्डवेअरच्या निघतात. उरलेल्या दोघांनी मिळून वाचायच्या.

नव्या पर्यायांपेक्षा जुन्या पर्यायांचे बदललेले डिफॉल्ट जास्त फसवतात. बरेच जण मेक सेव्हडेफकॉन्फिगने छोटी फाइल बनवून तीच गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवतात. ती फाइल डिफॉल्टपेक्षा वेगळं तेवढंच साठवते. म्हणजे तुम्हाला जे हवं आहे ते आज योगायोगाने डिफॉल्ट असेल, तर तुमच्या फाइलमध्ये त्याचा उल्लेखच नसतो. पुढच्या आवृत्तीत डिफॉल्ट बदलला की तुमचं फीचर बदलतं आणि गिटमधल्या फरकात एकही ओळ दिसत नाही. म्हणून आम्ही फ्रॅगमेंट, म्हणजे कॉन्फिगचे छोटे तुकडे, हाताने लिहितो: बोर्डचा एक, सुरक्षेचा एक, कारखान्याच्या गरजांचा एक. महत्त्वाची गोष्ट डिफॉल्टशी जुळत असली तरी ती त्यात लिहायचीच. मर्ज-कॉन्फिग स्क्रिप्टने ते जोडायचे. मागितलेली किंमत अंतिम कॉन्फिगमध्ये आली नाही तर ती स्क्रिप्ट इशारा देते, आणि आमच्याकडे त्या इशाऱ्यावर बिल्ड थांबतो. बहुतेकदा कारण एकच असतं, वरचं एखादं अवलंबित्व बदललेलं असतं. आणखी एक: ‘इज नॉट सेट’ या ओळी हॅशने सुरू होतात म्हणून कॉमेंट समजून साफ करू नका, बंद ठेवण्याचा निर्णय त्यांच्यातच असतो.

यानंतर जुनं आणि नवं, दोन्ही पूर्ण कॉन्फिग डिफकॉन्फिग स्क्रिप्टला द्या आणि निघालेली यादी रिव्ह्यूला लावा. आकार वाढला असेल तर ब्लोट-ओ-मीटर कुठल्या फंक्शनने किती जागा खाल्ली ते सांगतं.

फ्रॅगमेंटमधल्या प्रत्येक ओळीच्या वर आम्ही कारण लिहितो: कुणाला लागतं, कुठल्या बोर्डवर, केव्हापासून. फॅटच्या ओळीवर ‘देवनागरी फाइलनावं, सुपरवायझरचा पेनड्राइव्ह’ एवढंच आहे आणि तेवढं पुरतं. ज्या ओळीचं कारण आता टीममधल्या कुणालाच सांगता येत नाही, ती अपग्रेडच्या वेळी काढतो, ते कर्नल आठवडाभर टेस्ट बेंचवरच्या सगळ्या बोर्डांवर चालवतो, आणि काही अडलं नाही तर ती ओळ परत येत नाही.